भिवंडीतून इंग्रजी घेऊन बी.ए.

बारावीचा निकाल लागला की भिवंडीतल्या घराघरांत हिशेब सुरू होतो. सायन्सला टक्के कमी पडले, कॉमर्समध्ये मन लागत नाही, म्हणजे उरले आर्ट्स. आर्ट्सच घ्यायचे तर इंग्रजी घे, नोकरीला तरी लागशील, असा सल्ला द्यायला मामा, चाचा, शिकवणीचे सर असे सगळेच तयार असतात. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मानकोलीच्या एखाद्या गोदामात एसी केबिनमध्ये बसून फोनवर फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा असतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मात्र शेक्सपिअर, ड्रायडन, अॅरिस्टॉटल आणि एलियट असतात. घरच्यांना हवी असते भाषा आणि मुलाच्या पदरात पडते साहित्य. या पदवीबद्दलच्या बहुतेक तक्रारी या एका गैरसमजातून जन्मतात, आणि तो दूर न करताच दरवर्षी फॉर्म भरले जातात.

या प्रश्नाचा विचार करायला भिवंडीसारखे गाव नाही. २०११ च्या जनगणनेत सात लाखांच्या वर गेलेले हे यंत्रमागाचे शहर रोजच्या व्यवहारात पाच-सहा भाषा सहज वापरते. उर्दू आणि मराठी तर आहेतच. पद्मानगरात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची तेलुगू ऐकू येते, कापड आणि सूत बाजारात गुजराती चालते, मागावरचे कामगार भोजपुरी-अवधी बोलतात, खाडीकाठच्या गावांत आगरी आहे आणि जुन्या वस्तीत कोकणी मुसलमानांची स्वतःची बोली आहे. इंग्रजी यांपैकी कोणाच्याच घरची भाषा नाही, म्हणून ती सगळ्यांनाच हवी आहे. शहरात बी.एन.एन. कॉलेज आहे, मुलींसाठी कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय आहे. ज्यांच्या घरून परवानगी मिळते ती मुले-मुली ठाण्याला जोशी-बेडेकरला किंवा कल्याणला बिर्ला कॉलेजला जातात. परवानगी हा शब्द मुद्दाम वापरला. सीएसएमटीची थेट लोकल नाही, सगळी भिस्त एसटी, टीएमटी आणि शेअर रिक्षावर, अंजूर फाट्याला कंटेनरची रांग लागली की सकाळचे पहिले लेक्चर गेलेच. विषय कोणता घ्यायचा हे पुष्कळदा आवडीवर नाही, घरापासूनच्या अंतरावर ठरते. कोणत्याही माहितीपत्रकात हे छापलेले नसते.

आता हा विषय आपल्याकडे आला कसा, ते थोडे पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८६२ मध्ये त्याचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या काळी खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषय नव्हता. तिथे तो १८९० च्या दशकात आला आणि केंब्रिजला तर १९१७ पर्यंत थांबावे लागले. तिकडे प्रतिष्ठेचे शिक्षण म्हणजे ग्रीक आणि लॅटिन. इंग्रजी साहित्याला अभ्यासविषयाचे रूप आधी वसाहतीत मिळाले आणि त्यामागे राज्यकर्त्यांचे धोरण होते, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात तपशिलाने मांडले. कवी वर्डस्वर्थचा नातू, त्याचेही नाव विल्यम वर्डस्वर्थच, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होता आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य झाला. साहेबाने साहित्य शिकवले ते कारकून आणि निष्ठावंत घडवण्यासाठी, असे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण शिकणाऱ्यांनी त्याचे काय केले ते पाहायला हवे. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ रंगभूमीवर आणला. कॉलेजची पायरीही न चढलेल्या सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो आणखी वेगळ्या कारणाने. त्यांना त्या भाषेत शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची वाट दिसत होती. हाच युक्तिवाद आजही भिवंडीच्या शांतीनगरात एखादा मागवाला आपल्या मुलीची फी भरताना करतो. त्याला सावित्रीबाईंची कविता माहीत नसेल, पण हिशेब तोच आहे.

विसाव्या शतकात मात्र या पदवीचे पीक आपल्याकडे वेगळ्याच शेतात आले. मर्ढेकर रेडिओत जाण्याआधी इंग्रजीचे प्राध्यापक होते. विंदा करंदीकरांनी मुंबईच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवले आणि मराठीत ‘राजा लिअर’, ‘फाउस्ट’ आणि अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे तास घेत राहिले, मराठीत ‘काजळमाया’ लिहीत राहिले आणि कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे अनुवाद करत राहिले. रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचे प्रमुख होते आणि त्यांचा मोठा ग्रंथ ‘सौंदर्यमीमांसा’ मराठीत आहे. विलास सारंगांनीही तोच विभाग सांभाळला आणि ते दोन्ही भाषांत लिहीत राहिले. भालचंद्र नेमाडे यांचा इंग्रजीवरचा राग जगजाहीर आहे, पण नगरपासून गोव्यापर्यंत त्यांनी नोकरी केली ती मुख्यतः इंग्रजी शिकवण्याची. या नावांकडे एकत्र पाहिले की महाराष्ट्रात या पदवीने मोठे केले ते कोणाला, हे दिसते. एक पाय इंग्रजीत आणि दुसरा आपल्या भाषेत घट्ट रोवलेल्यांना. भिवंडीच्या उर्दू आणि हिंदी घरांनीही हे आपलेच समजावे. फिराक गोरखपुरी अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजी शिकवत, हरिवंशराय बच्चनही तिथेच आणि तोच विषय शिकवत, आणि उर्दू समीक्षेचे रूप बदलून टाकणारे शम्सुर्रहमान फारुकी त्याच विद्यापीठाचे इंग्रजीचे एम.ए.

आज मुंबई विद्यापीठात बी.ए.ला इंग्रजी घेतले म्हणजे नेमके काय वाचावे लागते? अलीकडेपर्यंतची चौकट साधारण अशी होती: पहिल्या वर्षी सगळ्यांना सक्तीचे कम्युनिकेशन स्किल्स आणि इंग्रजी घेणाऱ्याला साहित्याची तोंडओळख, दुसऱ्या वर्षी भारतीय इंग्रजी साहित्य आणि अमेरिकन साहित्य, तिसऱ्या वर्षी सहा पेपर. त्यांत सोळाव्या ते अठराव्या शतकाचे साहित्य, समीक्षाशास्त्र, व्याकरण आणि लेखनकला, एकोणिसावे शतक, विसावे शतक आणि एक निवडीचा पेपर. म्हणजे सहापैकी भाषेचा असा एकच. बाकी सगळे वाचन. ज्याला ‘बोलायला’ शिकायचे होते त्याचे तोंड इथेच कडू होते.

तरीही हे वाचन परके आहे असे सरसकट म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ घ्या. १८५४ ची कादंबरी. तिच्यातला स्टीफन ब्लॅकपूल हा पॉवरलूमवर काम करणारा विणकर आहे. गावावर धुराचा थर, दिवसभर यंत्रांचा एकसुरी आवाज, मालक आणि युनियन या दोघांच्या कात्रीत सापडलेला माणूस. त्याच काळातल्या एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘नॉर्थ अँड साउथ’मध्ये बेसी हिगिन्स नावाची मुलगी आहे. गिरणीच्या पिंजण खात्यात काम करताना कापसाचा तूस छातीत जाऊन ती एकोणीस-वीस वर्षांच्या वयात मरणाला टेकते. मालक हवा खेचणारे चाक बसवत नाहीत, कारण त्याला पैसे पडतात. काही कामगारांनाही ते नको असते, कारण तूस गिळायची सवय झालेल्यांना त्याशिवाय भूक लागते, असे ती सांगते. हे पान मुंबईतल्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला तळटीप वाचून समजावून घ्यावे लागेल. भिवंडीतल्या मुलीला नाही. तिचे वडील संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या पापण्यांवर पांढरी लव बसलेली असते आणि ते जरा मोठ्यानेच बोलतात, कारण कान बारा तास खटखट ऐकून आलेले असतात. तिच्या गावातले माग तर मँचेस्टरच्याच वंशावळीतले. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग इथल्या शेडमध्ये येऊन पुन्हा फिरू लागले. आणि यंत्रमागाचे पहिले पेटंट १७८५ मध्ये घेणारा एडमंड कार्टराइट हा पेशाने पाद्री होता आणि कविताही लिहीत असे. या गावात एकोणिसाव्या शतकाचा पेपर शिकवताना इतके जवळचे दाखले हाताशी असूनही वर्गात पात्रांची स्वभावचित्रणे आणि कथानकाचा सारांश एवढेच घडत असेल, तर दोष डिकन्सचा नाही.

तो दोष गाईडचा आहे, आणि गाईडवर पास करणाऱ्या परीक्षेचा. मूळ पुस्तक न उघडता तीन वर्षे इंग्रजी साहित्याचा पदवीधर होता येते, हे आपल्याकडचे उघडे गुपित आहे. कल्याण नाक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे दहा प्रश्नांच्या नोट्स मिळतात, त्या पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात. पाठ करण्याचे ओझे मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांवर जास्त पडते. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले, त्याला पाव शतक झाले. तरी सरकारी आणि अनुदानित शाळेतला मुलगा अकरावीत येतो तेव्हा त्याला इंग्रजी वाचता येते, समजते अर्धे आणि लिहिता येत नाही. त्याला थेट ड्रायडनसमोर उभे करायचे आणि मग त्याने गाईड घेतले म्हणून नाक मुरडायचे, हा ढोंगीपणा झाला. पहिल्या वर्षी सोप्या, छोट्या, पण मूळ पुस्तकांचे भरपूर वाचन हाच त्यावरचा इलाज, आणि तो कोणत्याही प्राध्यापकाला विद्यापीठाची परवानगी न घेता करता येतो.

आता स्पेशलायझेशनचा मुद्दा. नव्या शैक्षणिक धोरणाने, निदान कागदावर, इथे मोठा बदल केला आहे. मुंबई विद्यापीठाच्या स्वायत्त महाविद्यालयांत तो २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला. आता एक मेजर, एक मायनर, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग अशी मांडणी आहे. तीन वर्षांत १२० ते १३२ क्रेडिट घेऊन नेहमीची पदवी, चौथे वर्ष केले तर १६० ते १७६ क्रेडिटची ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधन करायचे तर पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के हवेत. चार वर्षे केलेल्याला एम.ए. एका वर्षात. एका वर्षाने शिक्षण सोडले तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. भिवंडीत लग्नामुळे किंवा घरच्या धंद्यामुळे मधेच शिक्षण सुटणाऱ्यांची संख्या पाहता ही शेवटची सोय वाईट नाही, फक्त ती सोय आहे, पळवाट नव्हे, हे घरच्यांना पटले पाहिजे.

या सगळ्यात खरी किल्ली आहे मायनरमध्ये, आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही. मेजर इंग्रजी आणि मायनर जे टाइमटेबलमध्ये बसेल ते, असे चालले आहे. इंग्रजीच्या मेजरला मराठी किंवा उर्दूची मायनर जोडली तर तीन वर्षांच्या शेवटी हातात अनुवादाचे भांडवल येते. मानसशास्त्र जोडले तर शिकवण्याच्या वाटेला उपयोग, इतिहास किंवा राज्यशास्त्र जोडले तर स्पर्धा परीक्षा आणि कायदा. महाविद्यालयात शिक्षकच नसल्याने ही जोडी मिळत नसेल, तर तसे स्पष्ट विचारून घ्यावे.

स्पेशलायझेशन म्हणून आपल्याकडे आज सर्वांत जास्त वाव अनुवादाला आहे, हे माझे ठाम मत आहे. साहित्यिक अनुवाद हा त्यातला झळाळीचा भाग. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ संतोष भूमकरांनी इंग्रजीत नेले, बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ माया पंडित यांनी २००८ मध्ये ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ या नावाने, आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ही त्यांनीच. दया पवारांचे ‘बलुतं’ जेरी पिंटो यांनी, ‘कोसला’ सुधाकर मराठे यांनी. यांपैकी भूमकर, पंडित आणि मराठे हे इंग्रजीचे प्राध्यापक. जगात आज मराठी साहित्य म्हणून जे वाचले जाते त्यातला मोठा वाटा इंग्रजी विभागांतून बाहेर पडला आहे, मराठी विभागांतून नाही. पण पोट भरणारा अनुवाद वेगळा. राज्य शासनाचे भाषा संचालनालय १९६० पासून आहे, तिथे आणि उच्च न्यायालयात अनुवादकांची पदे निघतात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल प्रादेशिक भाषांत आणण्याचे काम २०१९ पासून ‘सुवास’ या प्रणालीच्या मदतीने चालू आहे, आणि यंत्राने केलेला मजकूर तपासायला दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. जमिनीचे व्यवहार, दिवाणी दावे, विम्याची कागदपत्रे यांनी ठाणे जिल्ह्यातली न्यायालये भरलेली आहेत. सातबारा वाचता येणारा आणि त्यावर कायद्याला चालेल असे इंग्रजी लिहिणारा माणूस शोधून पाहा, मिळणार नाही. यंत्र सगळे अनुवाद करील, आता भाषा शिकून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी एखादा जुना फेरफार यंत्राला देऊन पाहावा. ‘कूळ’ आणि ‘कुल’ यांत गोंधळ घालून ते मोकळे होते.

दुसरी वाट शिकवण्याची, ज्याला ईएलटी म्हणतात. हैदराबादला १९५८ मध्ये सुरू झालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था पुढे ‘इफ्लू’ झाली आणि या क्षेत्रात अजूनही देशात तिचेच नाव पहिले. वर आलेल्या माया पंडित तिथेच शिकवत होत्या. शाळेत इंग्रजी शिकवायचे तर बी.एड. लागते. ते आता दोन वर्षांचे आहे आणि इंग्रजी माध्यमातून करायचे तर सीईटीबरोबर ईएलसीटी ही भाषेची वेगळी चाचणी द्यावी लागते. पुढे टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल. वाट लांब आहे, पण भिवंडीसारख्या शहरात खासगी इंग्रजी शाळा गल्लोगल्ली निघाल्या आहेत आणि त्यांत इंग्रजी शिकवायला इंग्रजी शिकलेला शिक्षक क्वचितच असतो. बारावी झालेली, स्वतः चाचपडत बोलणारी मुलगी नर्सरीला शिकवते आणि तिथूनच चुकीचे उच्चार पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात. ज्या मुलीला शिकवण्याची आवड आहे आणि भिवंडी सोडायची नाही, तिच्यासाठी ही सर्वांत भक्कम वाट आहे. पगार सुरुवातीला लाजिरवाणा असतो, हेही सांगून ठेवतो.

भाषाविज्ञान हे आपल्याकडे फार थोड्यांना सुचते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याची मोठी परंपरा आहे. अशोक केळकर इंग्रजीचे एम.ए. होऊन मग अमेरिकेत कॉर्नेलला भाषाविज्ञानाकडे वळले आणि परत येऊन डेक्कन कॉलेजात शिकवले. भोरमध्ये जन्मलेले गणेश देवी यांनी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात इंग्रजीत पीएच.डी. केली, बडोद्याला इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि मग देशातल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणात उतरले. आगरी, कोकणी मुसलमानी बोली, भिवंडीच्या मागावरची उर्दू-तेलुगू-मराठी सरमिसळ, ‘बीम भरणे’, ‘ताणा’, ‘ग्रे’ असले शब्द कोणत्या भाषेतून कुठे आले, यावर एम.ए.चा प्रबंध लिहायला ठाणे जिल्ह्यात जितका कच्चा माल आहे तितका क्वचितच कुठे असेल. लिहिणारे पाहिजेत.

अमेरिकन आणि उत्तर-वसाहतवादी साहित्य या विशेष विषयांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती महाराष्ट्राच्या इतिहासाचा भाग आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत इंग्रजी साहित्य शिकून आले. लातूरचे जनार्दन वाघमारे, जे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, तेही इंग्रजीचेच. वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. कृष्णवर्णीयांचे आत्मकथन आणि कविता यांची ओळख या मंडळींनी मराठीला करून दिली आणि तिचे पडसाद दलित साहित्याच्या चर्चेत उमटले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव कुठून आले हे वेगळे सांगायला नको. इंग्रजी विभागातला एक निवडीचा विषय महाराष्ट्राच्या सामाजिक चळवळीला जाऊन भिडला, असे पुन्हा सहज घडणारे नाही, पण घडले आहे. निवडीचा पेपर ‘सोपा कोणता’ एवढ्यावरून ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

क्रिएटिव्ह रायटिंगबद्दल थोडक्यात. अमेरिकेत आयोवाला १९३६ पासून, इंग्लंडात ईस्ट अँग्लियाला १९७० पासून त्याच्या पदव्या आहेत. आपल्याकडे खासगी विद्यापीठांत आल्या आहेत आणि महाग आहेत. भिवंडीच्या मुलाने त्यापायी कर्ज काढू नये. निसीम इझिकेल मिठीबाई कॉलेजात आणि पुढे विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, कविता त्यांनी पदवीच्या जोरावर लिहिली नाही. मास मीडिया, जाहिरात, कंटेंट रायटिंग यांचे आकर्षण मोठे आहे, पण त्यातले साधे काम यंत्राने गिळायला सुरुवात केली आहे.

प्राध्यापकीचे स्वप्न पाहणाऱ्यांना मात्र आधीच सावध केलेले बरे. एम.ए., मग नेट किंवा पुणे विद्यापीठ घेते ती सेट, मग पीएच.डी., एवढे करून हाती येते ते तासिका तत्त्वावरचे काम. तासाला ठरलेले मानधन, सुट्टीत शून्य, पुढच्या जूनमध्ये बोलावतील का याची खात्री नाही. चाळिशी गाठलेले, दोन-दोन कॉलेजांत तास घेत लोकलने फिरणारे नेट-सेटधारक ठाणे जिल्ह्यात पुष्कळ भेटतील. अनुदानित जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि वरून गुणवत्तेच्या गप्पा मारायच्या, हा सरकारचा खाक्या या विषयाचे सर्वांत मोठे नुकसान करतो आहे. मुलांना इंग्रजी येत नाही अशी ओरड करणाऱ्यांनी आधी विचारावे, शिकवायला पूर्णवेळ माणूस आहे का.

आणि गोदामातल्या केबिनचे काय? मामांचे स्वप्न? तेही जरा बघू. काल्हेर, दापोडे, पडघ्याच्या गोदामांत इंग्रजी लागते ते असे: गाडी आली, माल उतरला, बारा पेट्या ओल्या निघाल्या. ड्रायव्हर हिंदीत भांडतो, हमाल मराठीत साक्ष देतो, ट्रान्सपोर्टवाला फोनवर गुजरातीत हात झटकतो, आणि सुपरवायझरला अर्ध्या तासात बंगळूरच्या ऑफिसला इंग्रजीत मेल करायचा असतो: काय घडले, कधी, कोणाच्या ताब्यात असताना, फोटो जोडलेत, पावतीवर शेरा मारला आहे. चार वाक्ये. ती नीट लिहिली तर नुकसानभरपाई मिळते, घोळ घातला तर पैसे बुडतात. ही चार वाक्ये लिहायला बी.ए. लागत नाही, सहा महिन्यांचा चांगला सराव पुरतो. ज्याला तेवढेच हवे त्याने बी.कॉम. करावे आणि सोबत इंग्रजीचा क्लास लावावा. त्यात काही कमीपणा नाही. मात्र तिघांनी तीन भाषांत सांगितलेल्या गोष्टीतून खरे काय ते काढून चौथ्या भाषेत मांडणे, हे काम साहित्य बारकाईने वाचलेला माणूस अधिक चांगले करतो, हे गोदामवाले अजून ओळखत नाहीत. विद्यापीठही ओळखत नाही, नाहीतर ऑन जॉब ट्रेनिंगसाठी इंग्रजीच्या मुलांना शाळेच्या आणि वर्तमानपत्राच्या पलीकडे पाठवले असते.

नोकरी सांभाळून किंवा घरातून शिकायचे तर दूरशिक्षण आहेच. मुंबई विद्यापीठाचे ‘आयडॉल’, आता त्याचे नाव बदलले आहे, १९७१ पासून चालू आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूही इंग्रजीत पदव्या देतात. लग्न होऊन शिक्षण सुटलेल्या बायकांसाठी ही मोठीच सोय. पण साहित्य एकट्याने वाचणे अवघड असते, म्हणून निदान तिघी-चौघींनी मिळून वाचावे.

स्पर्धा परीक्षांचे म्हणाल तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषयांत मराठी साहित्य आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या यादीत इंग्रजी साहित्य आधीपासूनच आहे. तिथे मात्र गाईडने भागत नाही.

तेव्हा यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या मामा-चाचांनी फॉर्मवर सही करण्याआधी कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. इंग्रजी मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत आणि चौथ्या वर्षीही मिळते का? मायनर म्हणून मराठी, उर्दू किंवा हिंदी घेता येते का? विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिकावाले किती? आणि ग्रंथालयात ‘हार्ड टाइम्स’च्या प्रती किती आहेत, गाईडच्या किती? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथपाल देतील, आणि बाकी तिन्हींपेक्षा त्यावरून कॉलेज जास्त कळेल.